बंबखान्यातली पायपेटी

मित्रांनो, मला पाहून हल्लीची मुले आधी विचारतात, "हे कपाट आहे का?" मग एखादी धीट मुलगी पुढे होते, माझे झाकण उघडते, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवर बोट ठेवते. आवाज येत नाही. "बिघडलंय," असे म्हणून ती निघून जाते.

मी बिघडलेली नाही. माझ्या तळाशी दोन फळ्या आहेत. त्या पायांनी आळीपाळीने दाबल्या की माझ्या पोटातला भाता हलतो, वारा पितळेच्या पातळ जिभांवरून धावतो आणि मग मी बोलते. म्हणून मला पायपेटी म्हणतात. माझ्याकडून सूर हवा असेल तर आधी पाय हलवावे लागतात. आयते काही मिळत नाही.

माझा जन्म एका सुताराच्या कारखान्यात झाला. सुतार लाकूड तासायचा आणि त्याची बायको माझ्या पितळी जिभा एकेक करून कानाशी धरायची, कानसीने हलकेच घासायची. दोघांचे एका गोष्टीवरून रोज वाजायचे. सुताराला वाटे, पेटी दिसायला देखणी हवी.

"लोक आधी बघतात," तो म्हणे.

"आणि नंतर जन्मभर ऐकतात," ती म्हणे.

दोघेही हट्टाला पेटले आणि त्यात माझे कल्याण झाले. कोपऱ्यांवर वेलबुट्टी आली आणि गळ्यात गोडवाही आला.

पण नशीब बघा. मला एका श्रीमंत घरात नेले. त्या घरच्या लेकीला गाण्याची फार हौस होती. ती हौस एक उन्हाळाभर टिकली. पुढे माझ्यावर एक भली मोठी फुलदाणी आली, तिच्याखाली विणलेला रुमाल आला, आणि मी दिवाणखान्यातले एक टेबल होऊन बसले. पाहुणे म्हणत, "वा, काय सुंदर टेबल आहे!" मित्रांनो, ज्याच्या पोटात गाणे आहे त्याला टेबल म्हणून शाबासकी मिळाली, तर ती शाबासकीसुद्धा टोचते.

तिथून मला सोडवले ते एका सुईणीने.

सगळी वस्ती तिला आक्का म्हणायची. अंगाने थोराड, आवाज खणखणीत, हात मात्र कापसासारखे. त्या घरच्या सुनेचे बाळंतपण फार अडले होते. आक्कांनी बाई आणि बाळ दोघांनाही सुखरूप सोडवले. घरचे मालक हात जोडून म्हणाले, "आक्का, मागाल ते देतो."

आक्कांनी इकडेतिकडे पाहिले आणि माझ्याकडे बोट दाखवले. "ही पेटी द्या. फुलदाणी ठेवायला दुसरं काहीतरी शोधा."

त्यांना ती कशाला हवी होती, हे कोणालाच कळेना. आक्कांना वाजवता येत नव्हते. पण त्यांच्या मनात बरेच दिवस एक गोष्ट घोळत होती. वस्तीतल्या बंबखान्याची जागा तेव्हा नुकतीच रिकामी झाली होती. आगीचा बंब मोठ्या रस्त्यावरच्या नव्या इमारतीत गेला होता. मागे राहिली होती उंच छताची एक लांबलचक खोली, दोन प्रचंड लाल दारे, आणि भिंतीवर शिरस्त्राणे अडकवायच्या खुंट्या. त्या खोलीत कोणी शिंकले तरी ती शिंक घुमायची. आक्कांनी मला तिथे नेऊन ठेवले आणि घरोघर निरोप धाडला, "संध्याकाळी बंबखान्यात या. गायचंय."

आता सुईणीला नाही कोण म्हणणार? वस्तीतले निम्मे लोक तिच्याच हातून जगात आले होते आणि उरलेल्यांची मुले. सगळे आले, पण दाराशीच घुटमळत उभे राहिले. समोरच्या बेकरीचा मालकही आला. त्याला सगळे पावमामा म्हणत. हातभर पीठ, मिशीवर पीठ, आणि चेहरा असा की जणू शाळेत उशिरा पोचलाय.

"आक्का, मला गाता येत नाही हो," तो म्हणाला.

"गप रे. तुझा पहिला सूर मी ऐकलाय. चांगला खणखणीत होता. मध्ये तूच तो कुठेतरी ठेवून विसरलास."

लोक हसले आणि आत आले. आमच्या गायकवृंदाची सुरुवात झाली ती अशी.

आक्कांना संगीतातले फारसे कळत नव्हते, पण माणसांकडून काम करून घेणे पक्के कळत होते. त्या पुढे उभ्या राहून सांगत, "श्वास घ्या. धरा. घाबरू नका. हं, आता जोर लावा!" बायकांना ही भाषा भलतीच ओळखीची होती. त्या तोंडावर पदर धरून अशा हसत सुटायच्या, की अर्धी तालीम त्यातच जायची. पण हसून हसून छाती मोकळी होई आणि मग जो आवाज निघे तो थेट छताला जाऊन भिडे.

वाजवणारे कोणी नव्हते, जो तो माझ्या पट्ट्या बडवायचा, आणि थोड्याच दिवसांत माझी एक जीभ तुटली. एवढी बारीक हत्यारे वस्तीत एकाच माणसाकडे होती. तो होता घड्याळजी. तरुण, सडपातळ, कोटाची सगळी बटणे लावलेला. तो बाहेरगावाहून येऊन इथे दुकान थाटून बसला होता आणि कोणाशी फारसा बोलत नसे. त्याने माझ्या पोटात डोके घातले, जीभ जोडली आणि बरोबर वाजते की नाही हे पाहायला म्हणून एक धून वाजवली. वाजवता वाजवता त्याचे डोळे मिटले.

आक्का दारात उभ्या होत्या. "अरे, तुला वाजवता येतं?"

"थोडंसं."

"मग आजपासून बसायचं."

"दुकान उघडं टाकून आलोय, आक्का."

"घड्याळं कुठे पळून जाताहेत? आणि पळाली तर ती मागे करायला तूच आहेस की."

घड्याळजी त्या दिवसापासून माझ्यापुढे बसू लागला. त्याच्यासारखा वाजवणारा मला पुन्हा मिळाला नाही. फक्त एकच गोष्ट त्याला सोसत नसे, आणि ती म्हणजे बेसूर. कोणी चुकले की त्याच्या पायांची लय तुटायची आणि मला उचकी लागायची. वृंदात सर्वांत जास्त चुकायचे पावमामा आणि सर्वांत मोठ्याने गायचेही पावमामाच.

आमचा पहिला मोठा कार्यक्रम नदीवरच्या नव्या पुलाच्या उद्घाटनाचा. मला हातगाडीवरून वाजतगाजत नेले. मंडप माणसांनी भरलेला. पहिले गाणे झाले, दुसरे सुरू होणार, एवढ्यात एक माणूस धापा टाकत आला आणि आक्कांच्या कानाशी लागला. आक्कांनी पदर खोचला. "पुढचं तुमचं तुम्ही बघा रे. तिकडे एकजण माझ्यावाचून यायचं थांबलंय." आणि त्या चालत्या झाल्या!

वृंद हवालदिल. घड्याळजींनी सूर दिला. कोणी तोंड उघडेना. पुन्हा सूर दिला. सगळे एकमेकांकडे बघत राहिले. शेवटी पावमामांना ती शांतता असह्य झाली आणि त्यांनी डोळे मिटून दणक्यात गाणे सुरू केले. माझा सूर कुठे आणि त्यांचा कुठे! पण सुरुवात तर झाली होती. बुडत्याला काडीचा आधार मिळावा तसे सगळे त्यांच्या मागे धावले. बिचाऱ्या घड्याळजींची बोटे माझ्या पट्ट्यांवर चटका बसल्यासारखी इकडून तिकडे नाचली आणि अखेर त्यांनी तो पळालेला सूर गाठला. लोकांना वाटले, गाण्याची खुबीच ती. टाळ्यांचा पाऊस पडला.

त्या वेळी जन्मलेल्या बाळाच्या आईने पुढे एक गंमत सांगितली. तिच्या खिडकीतून गाणे ऐकू येत होते आणि आक्का मध्येच कपाळावर हात मारून "बेसूर, अगदी बेसूर!" म्हणत होत्या. तिला वाटले, आपल्यालाच म्हणताहेत. म्हणून ती बिचारी कण्हायचीसुद्धा थांबली.

आक्कांनी पुष्कळ वर्षे वृंद चालवला. गुडघे दुखू लागले तेव्हा त्या खुर्चीत बसून हात हलवत. मग एका सकाळी त्या उठल्याच नाहीत. त्या दिवशी बंबखान्याची दोन्ही दारे सताड उघडली होती आणि लोक रस्त्यापर्यंत उभे राहून गात होते. मी तेव्हा वाजले ते घड्याळजींच्या बोटांनी. कोणी कितीही बेसूर गायले तरी त्यांच्या पायांची लय तुटली नाही.

त्यानंतर वृंद त्यांच्या हाती आला. माझ्यापुढे वृंदातलीच एक शाळामास्तरीण बसू लागली आणि घड्याळजी छडी घेऊन पुढे उभे राहिले.

खरे सांगते, वृंदाला शिस्त लावली ती त्यांनीच. वरचा सूर कोणी घ्यायचा, मधला कोणी, खालचा कोणी, हे त्यांनी ठरवून दिले. एकाच वेळी तीन सूर एकमेकांचा हात धरून चालू लागले तेव्हा ती लांबलचक खोली उजळल्यासारखी वाटली. माझी तर छाती फुगली. पण घड्याळजींचे मन तेवढ्यावर भरेना. घड्याळात धुळीचा एक कण राहिला तरी ते अडते, हे त्यांच्या हाडीमाशी खिळलेले. त्यांनी प्रत्येकाला एकेकट्याने गायला लावले. परीक्षाच म्हणा ना.

पावमामांची पाळी आली. ते गायले. घड्याळजी जमिनीकडे बघत राहिले.

"मामा, राग मानू नका. स्पर्धा जवळ आलीय. तोपर्यंत तुम्ही नुसते ओठ हलवा. आवाज काढू नका."

"नुसते ओठ हलवायला मी काय मासा आहे?" पावमामा म्हणाले. सगळे हसले, पण मामा हसले नाहीत. त्यांनी खुंटीवरची टोपी काढली. "मी बेकरीत बरा. पिठाला कान नसतात."

तालमीला येणारी गरम बिस्किटांची परात त्या दिवसापासून बंद झाली. पाठोपाठ आणखी काहीजण गेले. कुणाला काढले, कुणी रुसून गेले, कुणी शेजारी गेला म्हणून गेले. जे राहिले ते उत्तम गायचे. एवढे उत्तम की गाणे संपल्यावर कोणी कोणाशी बोलत नसे, न जाणो काही चुकीचे निघायचे तोंडून.

आम्ही स्पर्धा जिंकली. मोठ्या शहरातल्या मोठ्या सभागृहात चांदीची ढाल मिळाली. घड्याळजींना आनंद झाला होता. त्यांनी वस्तीसाठी कार्यक्रम ठेवला. खुर्च्या मांडल्या, दारे उघडली, ढाल माझ्या डोक्यावर ठेवली. वेळ झाली, वेळ टळून गेली. पुढच्या रांगेत गायकांच्या घरची माणसे तेवढी बसली होती. बाकी सगळ्या खुर्च्या रिकाम्या.

आणि तेवढ्यात समोरून गाणे ऐकू आले.

बेकरी अगदी समोर. तिचे दार उघडे होते. आत भट्टीच्या उजेडात वस्तीतली सगळी माणसे दाटीवाटीने उभी होती. कोणी पोत्यावर बसलेले, कोणी पिठाच्या डब्यावर. पावमामा लाटणे हवेत फिरवत होते आणि सगळे गात होते. सूर चारी वाटांना गेलेले. मध्येच हसू फुटे, मध्येच कोणी शब्द विसरे, कोणीतरी ओरडून सांगे. गाणे आक्कांच्या वेळचे होते.

घड्याळजी दारात उभे राहून ऐकत होते. मला वाटले, आता कान झाकून घेतील. त्यांनी छडी माझ्या पट्ट्यांवर ठेवली, कोटाचे वरचे बटण काढले आणि रस्ता ओलांडला.

ते बेकरीच्या उंबऱ्याशी पोचले तसे आतले गाणे गपकन थांबले.

"काय घड्याळजी, पाव हवाय?" पावमामांनी विचारले. आवाजात गोडवा नव्हता.

"नाही." घड्याळजी थोडे घुटमळले. "तुमच्या गाण्यात खालचा सूर कोण धरतंय?"

"कोणी नाही. सगळ्यांना वरच जायचं असतं."

"मग... मी उभा राहू का मागे?"

 भट्टीत एक निखारा फुटला. मग पावमामांनी एका पोत्यावरचे पीठ झटकले आणि म्हणाले, "मागे कशाला? इथे या. कोट खराब होईल हं मात्र."

थोड्या वेळाने बंबखान्यातले गायकही एकेक करून रस्ता ओलांडून गेले. मी आणि ती ढाल, दोघी एकट्या राहिलो. पण मला जराही वाईट वाटले नाही.

दुसऱ्या आठवड्यापासून सगळे परत आले, परातही आली. पण पावमामांच्या सुराचे करायचे काय, हा पेच होताच. घड्याळजींनी मामांना रोज माझ्यापुढे बसवले आणि एकेक पट्टी दाबून पाहिली. शेवटी त्यांना कळले की मामांच्या गळ्यात एक सूर आहे, एकच, पण तो दगडी खांबासारखा पक्का आहे. जग हलले तरी तो हलत नाही. बाकीच्या सुरांवर नेले की मामा घसरायचे, पण त्या सुरावर सोडले की उभे राहायचे.

मग घड्याळजींनी एक नवे गाणे बांधले. त्यात मामांनी सुरुवातीपासून शेवटपर्यंत तो एकच सूर धरायचा आणि बाकी सगळ्यांनी त्याच्याभोवती फिरायचे. वेल खांबावर चढावी तसे ते गाणे चढायचे. ऐकणाऱ्यांच्या अंगावर काटा यायचा. मामा मिशीला पीळ देऊन सांगत फिरायचे, "लोक एकसुरी म्हणून नावं ठेवतात. माझ्या एका सुरावर बघा किती जणांचा संसार चाललाय!"

याच सुमारास पावमामांच्या घरी सून आली. ती फार दुरून आली होती. तिला इथली भाषा अजिबात येत नव्हती. ती दिवसभर कणीक मळायची आणि कोणी बोलले की नुसती हसायची. पण मळता मळता गुणगुणायची. ते घड्याळजींनी रस्त्यापलीकडून ऐकले आणि तिला वृंदात आणले. अर्थ कळो न कळो, ती गाण्यांचे शब्द पाठ करू लागली. ती इथली भाषा शिकली ती अशी, सगळी गाण्यांतून. त्यामुळे व्हायचे काय, ती भाजीवाल्या आजीला म्हणायची, "प्रिये, मजला दोन काकड्या देशील का?" आजी लाजून लाल व्हायची आणि वर एक काकडी जास्त घालायची.

सूनबाईचा गळा गोड होता आणि कान त्याहून तिखट. घड्याळजींनी तिला सगळे शिकवले. ती त्यांना घड्याळकाका म्हणायची.

मित्रांनो, आता थोडे दुःखाचे सांगावे लागेल. घड्याळजींचे कान जाऊ लागले. हे सर्वांत आधी मला कळले. एका तालमीत माझी एक पट्टी खाली चिकटून बसली आणि मी भुकेल्या मांजरासारखी एकसारखी ओरडत राहिले. सगळा वृंद एकमेकांकडे बघू लागला. घड्याळजी मात्र शांतपणे छडी हलवत होते. ज्यांना एक केसभर उतरलेला सूर सोसत नसे, ते! मग सूनबाई रांगेतून पुढे आली आणि गाणे न थांबवता तिने माझी पट्टी बोटाने अलगद वर उचलली. घड्याळजींनी तिचे बोट पाहिले. मग सगळ्यांचे चेहरे पाहिले.

तालीम संपल्यावर त्यांनी छडी तिच्या हातात दिली.

"काका, असं नका करू. आम्ही मोठ्याने गाऊ," ती म्हणाली.

त्यांनी तिच्या ओठांकडे बघून शब्द ओळखले आणि हसले. "तुम्ही गाल गं. बहिऱ्याचं गाण्यात काय काम?" त्यानंतर ते बंबखान्यात आले नाहीत. दुकानात बसून राहायचे. घड्याळे चालतात की नाही हे आता ते सेकंदकाट्याकडे बघून ठरवत.

सूनबाईने वृंद खूप वाढवला. लहान मुलांचा वेगळा गट काढला, इस्पितळात जाऊन गायची प्रथा पाडली, आपल्या माहेरची गाणी सगळ्यांना शिकवली. एकदा तर दोन रस्त्यांपलीकडे खरी आग लागली आणि घाईघाईत कोणीतरी धावत बंबखान्यात येऊन "बंब पाठवा!" म्हणून ओरडले. तेव्हा सगळा वृंद बादल्या घेऊन पळाला. आग विझली आणि परतल्यावर भिजलेल्या कपड्यांनीच तालीम झाली.

पण मुलांना घेऊन जागोजागी जायचे तर मला उचलणार कोण? मग एक विजेवर चालणारी छोटी पेटी आली. ती काखेत मावायची. तिला पाय हलवावे लागत नसत. तिचे काही चुकले नाही हो, गुणी होती ती. पण मी हळूहळू भिंतीकडे सरकले, मग कोपऱ्यात, मग जिन्याखाली. माझ्यावर रिकामी खोकी आली. भात्यात उंदरांनी बिऱ्हाड केले. त्यांना पोरेबाळे झाली. मी स्वतःशीच म्हणे, चला, निदान पोटात काहीतरी चुळबूळ आहे. पलीकडे गाणे चालले की माझ्या जिभा नकळत थरथरायच्या. पण ते कोणाला कळणार?

वृंदाला पन्नास वर्षे पूर्ण व्हायची होती. मोठा समारंभ ठरला. साफसफाई सुरू झाली. सूनबाई मुलांना घेऊन इस्पितळात गेली होती, आणि नव्या मंडळींनी जिन्याखालची अडगळ काढली. त्या अडगळीत मीही होते. त्यांचा दोष नाही. त्यांना मी कपाटच वाटले असणार. भंगारवाल्याने मला हातगाडीवर चढवले. मित्रांनो, ज्या रस्त्याने मी पुलाच्या उद्घाटनाला वाजतगाजत गेले होते, त्याच रस्त्याने मी भंगारात निघाले.

गाडी घड्याळाच्या दुकानासमोरून चालली होती. घड्याळजी दारात बसले होते. केस पांढरे झालेले, कोटाची बटणे मात्र तश्शीच. त्यांनी मला पाहिले आणि ते तटकन उठून गाडीला आडवे झाले.

"आजोबा, बाजूला व्हा," भंगारवाला म्हणाला.

त्यांना कुठे ऐकू येणार? त्यांनी माझ्या झाकणावर तळहात ठेवला. भंगारवाला गाडी वळवायला गेला, चाक खड्ड्यात आदळले, माझा फाटका भाता आपोआप दबला आणि एक खालचा सूर माझ्या तोंडून कसाबसा बाहेर पडला. घोगरा, खरखरीत, उंदरांच्या घरातून वाट काढत आलेला.

घड्याळजींचा हात जागच्या जागी थांबला.

"पुन्हा," ते म्हणाले.

"काय पुन्हा?"

"पुन्हा आपट!"

भंगारवाल्याने माझ्याकडे पाहिले, त्यांच्याकडे पाहिले, आणि भला माणूस म्हणून गाडी पुन्हा आपटली. पुन्हा सूर निघाला. घड्याळजींनी दुसराही हात माझ्यावर ठेवला, मग गाल टेकवला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि ते हसत होते. माझे लाकूड थरथरत होते आणि ती थरथर त्यांच्या हाडांत उतरत होती. कित्येक वर्षांनी ते सूर ऐकत होते, तळहाताने.

इतक्यात सूनबाई इस्पितळातून परतली. तिने रस्त्यातला तो प्रकार पाहिला आणि मुलांना तिथेच सोडून धावत आली.

"ही कुठेही जाणार नाही!" ती कडाडली. आता तिची भाषा अगदी इथल्यासारखी झाली होती, विशेषतः रागात. "ही दुकानात घ्या. चला, सगळे हात लावा!"

मग माझा इलाज सुरू झाला. उंदरांना मानाने निरोप दिला. भात्याला नवे चामडे बसले. घड्याळजी पोटात डोके घालून एकेक जीभ घासत आणि सूनबाई पट्ट्या दाबत बसे. तो सगळा खेळ फार मजेचा होता. ते डोळे मिटून माझ्यावर हात ठेवत आणि सांगत, "ही वरची. ही मधली. हं, ही जीभ सैल झालीय." वरचे सूर त्यांच्या हाताला मुंगीच्या पावलांनी जायचे, खालचे हत्तीच्या. एकही ओळखायला चुकले नाहीत.

मी दुरुस्त झाले तेव्हा सूनबाई त्यांच्यासमोर उभी राहिली आणि सावकाश ओठ हलवून म्हणाली, "रविवारी. समारंभ. तुम्ही गायचं."

"वेडी आहेस का? मी कुठे जातोय ते मला कळायचंही नाही."

"तुम्हाला कुठे जायचंच नाहीये. एका जागी उभं राहायचंय." तिने रस्त्यापलीकडे बेकरीकडे बोट दाखवले. "मामंजींचा दम पुरत नाही आता. मध्येच तुटतो. त्यांना जोडीला कोणीतरी हवंय."

घड्याळजींनी बेकरीकडे पाहिले. मग त्यांनी कोटाचे वरचे बटण काढले.

रविवारी बंबखाना तुडुंब भरला. दारे उघडी, रस्त्यातही माणसे. शेवटी ते गाणे आले, एका सुराचे. पावमामा खुर्चीत बसले होते. मिशी पांढरी झालेली, पण आता ती पिठाने नव्हे. त्यांच्या शेजारी घड्याळजी उभे होते, एक हात माझ्या लाकडावर. सूनबाई स्वतः माझ्यापुढे बसली. तिने त्या एका सुराची पट्टी दाबली आणि पायांना उसंत दिली नाही.

मामांनी सूर लावला. तसाच, दगडी खांबासारखा. गाणे त्याच्याभोवती चढू लागले. मग मामांचा दम संपत आला, सूर कापू लागला. त्याच क्षणी घड्याळजींनी तोंड उघडले. मित्रांनो, सूर नेमका तोच होता! किंचितही इकडेतिकडे नाही. मामांनी चमकून वर पाहिले. त्यांनी निवांत श्वास घेतला आणि पुन्हा सूर धरला. मग घड्याळजींनी श्वास घेतला. एकाला ऐकू येत नव्हते, दुसऱ्याला दम नव्हता, पण दोघांत मिळून तो सूर गाणे संपेपर्यंत एकदाही तुटला नाही.

बाकीचे थांबले. सूनबाईने मुद्दाम पट्टी सोडली नाही. ते दोघे म्हातारे गातच राहिले, आणि कोणाचीही टाळी वाजवायची छाती होईना. शेवटी तिने बोट उचलले. माझे लाकूड शांत झाले तसे घड्याळजी थांबले, आणि बहिरी माणसे बोलतात तसे भलत्याच मोठ्याने त्यांनी विचारले, "बरोबर होतं का हो, मामा?"

 पावमामांनी घड्याळजींचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि नुसती मान डोलवत राहिले. मग जो टाळ्यांचा कडकडाट झाला तो घड्याळजींना ऐकू आला नाही, पण त्यांचा दुसरा हात अजून माझ्यावरच होता.

त्यालाही आता काही वर्षे लोटली. मी बंबखान्यात, उजेडात, दाराजवळ असते. विजेची पेटी बाहेरगावी जाते, मी घर सांभाळते. आमचे छान जमते. आणि दर तालमीला माझ्याशेजारी मामा आणि घड्याळजींसाठी दोन खुर्च्या मांडलेल्या असतात. ऐकू न येणारी एक मुलगी हल्ली तिथे येऊन बसते आणि माझ्या अंगावर दोन्ही हात पसरून ठेवते. घड्याळजी तिला हत्ती आणि मुंग्या शिकवताहेत.

मित्रांनो, तुमच्या घरी जिन्याखाली, माळ्यावर माझ्यासारखे कोणी असेल तर त्याला बाहेर काढा, धूळ पुसा, एकदा वाजवून बघा. आणि "माझं इथे काय काम?" असे म्हणत कोणी माणूस दाराआड बसले असेल, तर त्याला उत्तर देत बसू नका. त्याला काम द्या.

आता बोलणे पुरे. तालमीची वेळ झाली. तुम्हीही या, दारे उघडीच आहेत. गाता येत नसेल तरी या. फक्त पाय पुसून आत या, सूनबाईने आत्ताच फरशी पुसली आहे आणि ती रागावली की अजिबात गाण्यातली भाषा बोलत नाही.